‘बरं हाय’ म्हणणारी एक्केचाळीस माणसं

माझ्या आत्तीसमोर ‘बरं हाय’ म्हणू नका. घरी या, चहा घ्या, दोनदा घ्या. पण तिनं ‘कसं काय?’ विचारलं आणि तुम्ही सवयीनं ‘बरं हाय की’ म्हणालात, तर ती तुम्हाला कप खाली ठेवायला लावेल. मग विचारेल, ‘बरं म्हंजे काय? जिना चढतासा? किती पायऱ्यांवर थांबतासा? खोकला आला की हात कुठं जातोय?’ मागच्या महिन्यात गॅसची टाकी आणणाऱ्याला तिनं असं पंधरा मिनिटं उभं केलं होतं. तो आता टाकी दारातच ठेवून पळतो.

आत्तीचं नाव वर्षाराणी. माझ्या पप्पांची थोरली बहीण. फुलेवाडीत आमच्या घराला लागून तिचं घर. तिचे यजमान वारणानगरला डेअरीत असतात, रविवारी येतात. त्यामुळे बाकीचे सहा दिवस ती आमच्याच सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात ती अठरा वर्षं रेकॉर्ड रूममध्ये आहे. दवाखान्याचं नाव मी लिहिणार नाही आणि पेशंटांची नावंही बदलली आहेत. पप्पांचं तेवढं खरं ठेवलंय. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘ठेव की, माझं काय जातंय?’ हे असंच असतंय त्यांचं, आणि त्याच्यावरच ही सगळी गोष्ट आहे.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्यानं हर्नियाच्या ऑपरेशनांच्या देशभरातल्या एका नोंदणीत नाव घातलं. तिला सगळे रजिस्ट्री म्हणतात. आत्तीनं मला ती अशी समजावली: ‘हे बघ, डॉक्टरनं जांघंत जाळी बसिवली, टाके घातले, पेशंट घरी गेला. पुढं तो परत आला न्हाय. डॉक्टरला वाटतंय, बरा झाला असंल. तो गेलाय दुसऱ्याच डॉक्टरकडं बोंबलत. मग ह्याला कळायचं कसं? म्हणून प्रत्येकाची नोंद. कुणी केलं, कुठल्या कंपनीची जाळी घातली, आणि पुढं त्या माणसाचं काय झालं. एका महिन्यानं इचारायचं, सहा महिन्यानं इचारायचं, वर्षानं इचारायचं. देशातल्या सगळ्या दवाखान्यांचं एका जागी आलं की कुठली जाळी वंगाळ, कुणाचा हात जड, लगेच दिसतंय.’

हे विचारायचं काम आत्तीकडं आलं, कारण तिचा आवाज. ती फोन तोंडापासून हातभर लांब धरते आणि रंकाळ्याच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं बोलते. फोन करायची वेळ संध्याकाळी सहा ते आठ, कारण तेव्हाच माणसं रानातनं, दुकानातनं घरी आलेली असतात. अंबाड्यात पेन खोचून ती आमच्या सोप्यात बसायची आणि मी आतल्या खोलीत बारावीचं फिजिक्स उघडून प्रत्येक शब्द ऐकायची.

‘नमस्कार, दवाखान्यातनं बोलतो.’ आमच्याकडं बायकाही बोलतो, जातो, येतो असंच म्हणतात. ‘ऑपरेशन झाल्यालं न्हवं तुमचं? कसं हाय आता? काय तक्रार?’

‘न्हाय न्हाय म्याडम. बरं हाय. सरांच्या पाया पडतो म्हणून सांगा.’ हे गारगोटीकडचे जोतीराम. आवाज असा की पलीकडं खरंच वाकलेत असं वाटावं.

‘आराम हाय री अक्का, अगदी आराम.’ हे गडहिंग्लजच्या पुढचे चनबसाप्पा, कापडाचं दुकान. प्रत्येक वाक्याच्या शेपटाला ‘री’.

‘बेस. एकदम बेस. चहाला या.’ हे कसबा बावड्याचे बाळासो. हे फोन उचलण्याआधीपासूनच ‘बेस’ म्हणत असावेत.

आत्ती रकान्यात लिहायची: तक्रार नाही. तक्रार नाही. तक्रार नाही. महिन्याला तक्रार नाही, सहा महिन्यांना तक्रार नाही. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून नोव्हेंबरपर्यंत मोठ्या सरांनी, म्हणजे दवाखान्याच्या मुख्य सर्जननी, एक्केचाळीस ऑपरेशनं केली, आणि सहा महिन्यांचे फोन जसजसे होत गेले तसतसा एकही ‘आहे’ रकान्यात आला नाही. दवाखान्यानं लिफ्टजवळ एक फ्रेम लावली, त्यात मोठं शून्य. गॅदरिंगला आत्तीला शाल आणि नारळ दिला. त्या नारळाची आईनं बर्फी केली, ती मीपण खाल्ली. आज आठवलं तरी तोंड कडू होतं.

त्या एक्केचाळीसातले शेवटचे माझे पप्पा. कृष्णात. मार्केट यार्डात गुळाच्या अडतीला असतात. सौदे निघायच्या आधी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, लावायचे, वजनाला चढवायचे, उतरवायचे. तीस किलोचा रवा ते एका हातानं फिरवायचे, जसं आई भाकरी फिरवते. वीस वर्षं तेच केल्यावर जांघेत गाठ आली. कुणाला सांगितलं नाही. गाठ चिंचोक्याएवढी होती तेव्हा नाही, लिंबाएवढी झाली तेव्हा नाही. शेवटी आत्तीनं ओढत दवाखान्यात नेलं आणि नोव्हेंबरमध्ये सरांनी ऑपरेशन केलं.

ऑपरेशननंतर पप्पा ‘बरे’ झाले. म्हणजे काय झाले ते सांगते. यार्डात त्यांनी वजनाच्या पावत्या लिहायचं काम मागून घेतलं. म्हणाले, ‘आता वय झालं, पोरांना संधी द्यावी.’ त्यांचं वय बेचाळीस. चैत्रात जोतिबाला गेलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी सासनकाठी उचलायला हात लावला नाही. म्हणाले, ‘गर्दी लई हाय.’ जोतिबाच्या यात्रेत गर्दी. जणू दरवर्षी डोंगरावर ते एकटेच असायचे. जेवायला मांडी घालायचे ते खुर्चीवर बसायला लागले. शिंक आली की भिंतीकडं वळून, दात आवळून, एक हात खिशात. आम्ही सगळ्यांनी हे बघितलं. मी तर त्यांची ती शिंक हुबेहूब काढायची आणि आई हसून लोळायची. हसत होतो आम्ही. एवढी माणसं घरात, त्यातली एक दवाखान्यातली, आणि एकालाही दोन आणि दोन चार करता आले नाहीत.

मग यंदाच्या नोव्हेंबरात पप्पांच्या वर्षाच्या फोनची पाळी आली. आधीचे दोन फोन त्यांनी यार्डातच घेतले होते.

आत्ती नियमाला पक्की. भाऊ आहे म्हणून परस्पर लिहायचं नाही, फोन केल्याशिवाय नोंद नाही. ती सोप्यात बसली होती, पप्पा आत स्वयंपाकघरात. मध्ये एक पडदा. तिनं नंबर लावला. आत फोन वाजला.

‘नमस्कार, दवाखान्यातनं बोलतो. कृष्णातराव न्हवं?’

‘व्हय म्याडम, बोला.’ पप्पा. पडद्याच्या आतून. सख्ख्या बहिणीला म्याडम.

‘ऑपरेशनला वर्ष झालं. कसं हाय? काय तक्रार?’

‘न्हाय न्हाय. बरं हाय. सरांना नमस्कार सांगा.’

हे बोलता बोलता पप्पांना खोकला आला. आत्तीला तो फोनमधूनही ऐकू आला आणि पडद्यातूनही. तिनं पडदा बाजूला केला. पप्पा ओट्याला टेकून उभे, एका हातात फोन, दुसरा हात जांघेवर दाबलेला, डोळ्यांत पाणी. आणि तोंडानं चालूच, ‘काय सुदीक त्रास न्हाय बघा म्याडम.’

आत्तीनं फोन कट केला. मग अशी ओरडली की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसली.

‘खोटं बोलालास? मला? फोनवर? समोर उभा ऱ्हाऊन?’

‘आक्का, सरकारी फोन हाय न्हवं ते,’ पप्पा म्हणाले.

‘सरकारी कुठला रं? माझा हाय फोन. दुखतंय का न्हाय तेवढं सांग.’

‘थोडं थोडं.’

‘कवापासनं?’

‘पहिल्यापासनं.’

‘मग सांगितला का न्हाईस?’

पप्पांनी खरं उत्तर दिलं, आणि मला अजून त्याचा राग येतो. म्हणाले, ‘तू तक्रार हाय का म्हणून इचारलीस. सरांची कशी तक्रार करायची? रविवारी पोराचा वाढदिवस टाकून आलाय तो माणूस मला बघायला.’

आत्ती खाली बसली. अंबाड्यातलं पेन काढलं आणि एक्केचाळीस जणांची यादी उघडली. वर्षाची नोंद सगळ्यांची एकदम पाठवायची असते, डिसेंबरअखेर. ती अजून तिच्याच हातात होती. ‘हे सगळं,’ ती म्हणाली, ‘हे सगळं असलंच हाय की काय?’

दुसऱ्या दिवसापासून तिनं परत पहिल्यापासून फोन लावले. ‘कसं हाय’ बंद. ‘तक्रार’ हा शब्द बंद. आधी माणूस काय काम करतो ते विचारायचं आणि मग त्या कामातच शिरायचं.

‘जोतीराम, गाडीला किक मारतासा का?’

‘मारतो की म्याडम.’ थोडं थांबून, ‘म्हंजे पोरगं मारतंय.’

‘का? पोरगं का?’

‘हौस हाय त्याला.’

‘आन् पोरगं शाळंत गेल्यावर?’

मग अगदी हळू, ‘मग उतारावर लावतो गाडी.’

एक माणूस वर्षभर उतार शोधून गाडी लावतोय आणि त्याच्या रकान्यात ‘तक्रार नाही’.

चनबसाप्पांना विचारलं, दुकानात गादीवर बसता का.

‘खुर्ची घेतलो री अक्का.’

‘कधी?’

‘ऑपरेशन झाल्यावर री.’

‘का?’

‘म्हातारा झालो न्हवं.’

‘वय काय तुमचं?’

‘अडतीस री.’

आणि बाळासो. एकदम बेस बाळासो. त्यांना आत्तीनं विचारलं, म्हशीची धार कोण काढतं? ते म्हणाले, ‘आता मीच काढतो की, दुसऱ्या ऑपरेशननंतर चांगलं बसाय येतंय.’

‘दुसरं ऑपरेशन? कुठलं दुसरं?’

‘मिरजंत केलं न्हवं. ती जाळी काढून दुसरी बसिवली. म्याडम, एवढं सरांना सांगू नका. त्यांना वाईट वाटंल.’

आत्तीनं फोन ठेवला आणि उशी भिंतीवर फेकून मारली.

तीन आठवड्यांत तिनं सगळे संपवले. एक्केचाळीसातले सदतीस जण सापडले. त्यातल्या अकरा जणांना वर्षानंही दुखत होतं किंवा गाठ परत आली होती. अकरातल्या तिघांनी गुपचूप दुसरीकडं परत करून घेतलं होतं. मग तिनं रेकॉर्ड रूममधून त्या अकरा जणांच्या फायली काढल्या. नऊ जणांना एकाच बनावटीची जाळी. दवाखान्यानं गेल्या वर्षी नवीन घ्यायला सुरुवात केली होती ती. पप्पांचीही तीच.

ही यादी घेऊन ती विजयसिंह साहेबांकडं गेली. दवाखान्याचा कारभार ते बघतात. रजिस्ट्रीला जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या मंजुरीनं जातो. हा माणूस बोलतो तेव्हा प्रत्येक शब्द इस्त्री करून आणल्यासारखा असतो. आत्तीनं घरी येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत मला त्यांचा सूर तोंडपाठ झाला होता.

‘मॅडम, बेसिकली, आपला डेटा इम्प्रूव्ह व्हायला हवा. तुम्ही तर तो डाऊन करताय.’

‘साहेब, माणसं दुखण्यानं वाकल्यात.’

‘फॉर्मवर प्रश्न काय आहे? रुग्णाची तक्रार आहे का. तुम्ही विचारलंत, ते नाही म्हणाले. विषय संपला. हे किक मारणं, धार काढणं, हे फॉर्ममध्ये कुठं आहे?’

‘पर किक मारता येत न्हाय त्यास्नी.’

‘ती तक्रार नाही, मॅडम. ती लाइफस्टाइल झाली.’

आत्ती म्हणाली, मी त्या खुर्चीसकट उचलून लिफ्टात टाकला असता ह्याला. पण तिनं तसं केलं नाही. सरांनाच दाखवते म्हणाली. तेव्हा साहेबांनी इस्त्री केलेलं शेवटचं वाक्य काढलं: ‘ठीक आहे. एक पेशंट. एकच. माझ्यासमोर आणि सरांसमोर येऊन स्वतःच्या तोंडानं म्हणू दे, मला तक्रार आहे. तुमच्या अकराच्या अकरा नोंदी जाऊ देतो.’ असं कुणी म्हणणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वीस वर्षं ते ह्याच जिल्ह्यातली माणसं बघतायत.

आत्तीनं दहा जणांना फोन केले. दहाही जण नाही म्हणाले, तेही कसे, ‘सरांच्या तोंडावर? आमी न्हाय बाबा.’ उरले पप्पा.

दोन दिवस त्यांनी जेवताना आत्तीकडं बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘येतो. पर रिकाम्या हातानं जायचं व्हय?’

तक्रार करायला निघालेला माणूस दहा किलोचा गुळाचा रवा घेऊन निघाला. नवीन गूळ, पिवळाधमक, ‘सरांना आवडंल’ म्हणून यार्डातनं स्वतः निवडून काढलेला. रवा रिक्षात चढवला रिक्षावाल्यानं, दवाखान्यात उतरवला रिक्षावाल्यानं, आणि साहेबांच्या केबिनच्या दारात ठेवून तो गेला. मी बरोबर होते, कॉलेजला सुट्टी होती. लिफ्टजवळ ती शून्याची फ्रेम होती. तिच्यावर बोट फिरवलं तर धूळसुद्धा नव्हती, रोज पुसत असणार.

सर आले. उंच, थकलेले, डोक्यावर अजून ऑपरेशनची हिरवी टोपी. ‘काय कृष्णात,’ ते पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘कसं आहे?’

आणि माझे पप्पा, जे दोन दिवस घोकत होते, ते हात जोडून म्हणाले, ‘बरं हाय सर. तुमच्या किरपेनं.’

साहेबांनी आत्तीकडं बघून हसू दाबलं. ते दाबलेलं हसू मी आयुष्यभर विसरणार नाही. मला त्या वेळी पप्पांचाच जास्त राग आला होता, हेही लिहून ठेवते.

आत्तीनं पायानं दारातला रवा आत ढकलला. ‘कृष्णा,’ ती म्हणाली, ‘सरांसाठी आणलाईस न्हवं? मग दे की. टेबलावर ठेव.’

शिपाई पुढं झाला. ‘तुमी ऱ्हावा,’ ती त्याला म्हणाली. ‘तो यार्डातला गडी हाय. तीस किलोचं दोन उचलतोय. हे दहाचं हाय.’

पप्पांनी तिच्याकडं बघितलं. मग सरांकडं. सर टेबलाजवळ उभे, कौतुकानं बघत. आता नाही म्हणणं म्हणजे दिलेली भेट हातात न देणं, आणि ते पप्पांना जमणारच नव्हतं. ते वाकले. दोन्ही हात रव्याखाली घातले. रवा गुडघ्यापर्यंत आला आणि त्यांचा उजवा हात आपोआप सुटून जांघेकडं गेला. रवा फरशीवर पडला आणि मधोमध फुटला. पप्पा त्याच्या शेजारी खाली बसले. चेहरा गुळासारखाच पिवळा.

‘पाय घसरला,’ पप्पा म्हणाले.

‘वर्षभर घसरालाय रं तुझा पाय,’ आत्ती म्हणाली. ओरडली नाही. मला तिचा एवढा हळू आवाज माहीतच नव्हता.

सर गुडघ्यावर बसले. ‘कृष्णात, माझ्याकडं बघ. कुठं दुखतं?’

पप्पा गुळाच्या तुकड्यांकडं बघत होते. ‘दुखतंय सर,’ ते म्हणाले. ‘ऑपरेशन झाल्यापासनं दुखतंय. माझी तक्रार हाय.’ आणि लगेच, ‘पर तुमच्याविरुद्ध न्हाय.’

सरांना राग आला. मला वाटलं होतं ते गप्प बसतील किंवा माफी मागतील. तसलं काही नाही. ते उठून उभे राहिले आणि पप्पांवरच तापले. ‘वर्षभर? गुरुपौर्णिमेला मला पेढे दिलेस तू. तेव्हा दुखत होतं?’

‘व्हय.’

‘मग पेढे कशाला दिलेस?’

आत्तीनं यादी पुढं केली. सरांनी टोपी काढून ती वाचली, मग परत वरपासून वाचली. नऊ जाळ्यांपाशी बोट थांबलं. ते विजयसिंहांना म्हणाले, ‘अकरा ‘आहे’ करा. आजच. आणि ह्या बनावटीचे डबे थिएटरमधून बाहेर काढा, मंगळवारच्या ऑपरेशनांना जुनी जाळी वापरू. ह्या सगळ्यांना तपासायला बोलवा.’

‘सर, पण फ्रेम…’ साहेब म्हणाले.

‘कुठली फ्रेम?’ सरांना माहीतच नव्हती. ते जिन्यानं ये-जा करतात.

मग दारातून बाहेर पडता पडता, कुणाला दोष द्यायचा म्हणून नाही, नुसतं स्वतःशी, सर म्हणाले, ‘उन्हाळ्यातल्या पेशंटांचे सहा महिन्यांचे फोन गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरात झाले असतील ना. तेव्हा हे कळलं असतं तर कृष्णातला ही जाळी घातलीच नसती.’

ऑक्टोबरातले फोन आत्तीनं केले होते. ‘तक्रार नाही’ तिच्या हातानं लिहिलं होतं, प्रत्येकापुढं, आणि त्यासाठी शाल घेतली होती.

घरी जायचं सोडून ती तशीच रेकॉर्ड रूममध्ये गेली. मी आणि पप्पा मागोमाग. पप्पांना तिनं खुर्चीवर बसवलं. कॉम्प्युटरवर अकरा ‘आहे’ केले, प्रत्येकापुढं काय होतं ते लिहिलं: किक मारता येत नाही, मांडी घालता येत नाही, दुसरीकडं परत ऑपरेशन. मग सहा महिन्यांचा जुना रकाना उघडला. तो कुलूपबंद असतो, पाठवलेली नोंद बदलता येत नाही. फक्त शेऱ्याला जागा असते, दोन ओळींची. साहेब दारात येऊन उभे राहिले होते. आत्तीनं एका बोटानं, एकेक अक्षर शोधत टाइप केलं:

‘सहा महिन्यांच्या सर्व नोंदी विश्वासार्ह नाहीत. रुग्ण खोटं बोलले नाहीत, विचारणारीनं चुकीचं विचारलं. वर्षाराणी, रेकॉर्ड विभाग.’

‘मॅडम,’ साहेब म्हणाले, ‘हे लिहायची बेसिकली गरज नव्हती. तुमच्याच नावावर येतं.’

‘तुमची काय तक्रार हाय?’ आत्तीनं मान न वळवता विचारलं.

‘नाही, नाही,’ साहेब म्हणाले. ‘तक्रार काही नाही.’

तेव्हा आत्ती वळली, त्यांच्या चेहऱ्याकडं नीट, वरपासून खालपर्यंत बघून घेतलं, आणि ‘पाठवा’ वर बोट दाबलं.